बेहड्यातली बाळंतीण

"मॅडम, पोकळ आहे ना? मग तसं लिहून द्या. विषय संपला."

गवाणकर माझ्या मागे उभे राहून बोलत होते. माझा कान बेहड्याच्या खोडाला लागलेला, हातात लाकडी हातोडी. खोडावर ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, डॉक्टर पाठीवर बोटं ठेवून ठोकतात तसंच. भरीव लाकडाचा आवाज टणक येतो, पोकळ लाकूड घुमतं. हे झाड माझ्या खांद्यापासून वर चांगलंच घुमत होतं.

"पोकळ आहे," मी म्हटलं. "किती, ते मशीन लावल्यावर कळेल."

"मशीन कशाला? मागल्या वर्षी फांदी पडली ती काय मशीनला विचारून पडली?"

मी उत्तर देणार तेवढ्यात वरून काहीतरी माझ्या हेल्मेटवर आपटलं आणि फुटलं. हात लावून बघितलं. पिकलेलं उंबर. बेहड्याच्या झाडावरून उंबर कसं पडेल? मी मान वर केली.

जिथे कधीतरी मोठी फांदी तुटली होती, तिथे खोडाला एक ढोली होती. ढोलीचं तोंड मातकट रंगाच्या गिलाव्याने लिंपलेलं. मध्ये फक्त एक उभी फट. आणि खोडाला चिकटून, शेपटी टेकवून बसलेला एक राखाडी पक्षी. घारीएवढा, लांब शेपटीचा, बाकदार चोचीवर छोटंसं शिंग. त्याने मान मागे टाकली, घशातून एक उंबर चोचीच्या टोकावर आणलं आणि फटीत धरलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं. उंबर आत गेलं.

"गवाणकर," मी आवाज खाली आणून म्हटलं, "हे झाड आत्ता कापता यायचं नाही. आत कोणीतरी आहे."

"आत? झाडात?"

मी ट्री कन्सल्टंट आहे. लोकांना वाटतं, मी झाडं लावायचा सल्ला देते. बहुतेक वेळा मला बोलावतात ते झाड काढण्यासाठी. झाड धोकादायक आहे की नाही हे तपासून रिपोर्ट द्यायचा, त्याच्या आधारावर सोसायटी पालिकेकडे परवानगी मागते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं तेव्हा असलं काही काम असतं हे मला माहीतही नव्हतं.

ही सोसायटी बोरिवली पूर्वेची. मागची कंपाउंड वॉल संपली की जंगल सुरू. संध्याकाळी बिबट्या भिंतीवर येऊन बसतो म्हणून मुलांना उजेड असतानाच वर बोलावून घेतात, पण त्याचं कोणाला विशेष वाटत नाही. एप्रिलमध्ये सावरीची बोंडं फुटली की कापूस तरंगत तरंगत बाल्कन्यांत येतो. बिल्डिंगी उभ्या राहिल्या तेव्हा इथलं जवळपास सगळं रान गेलं. हा बेहडा तेवढा कसा कोण जाणे राहिला. तो लावलेला नव्हता. तो त्या जंगलाचाच होता, भिंत मध्ये आली एवढंच.

गवाणकर सोसायटीचे सेक्रेटरी. वडील गिरणीत होते, हे स्वतः वायरमन म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. मूळचे मालवणकडचे. बोलायला तिखट, पण माणूस खोटा नाही. मागल्या पावसात बेहड्याची फांदी पडली ती वॉचमनच्या केबिनवर. केबिनमध्ये वॉचमन होता. हात मोडला, त्यावर निभावलं. तेव्हापासून गवाणकरांना झोप नव्हती, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

मी मशीन लावलं. त्याची अगदी बारीक, लांब सुई लाकडात शिरत जाते आणि लाकूड किती विरोध करतं त्याचा आलेख छापून येतो. आलेख वर असला की लाकूड घट्ट. खाली कोसळला की आत पोकळी. ढोलीपासून लांब, खाली बुंध्याशी तपासलं. बुंधा चांगला होता. वरचा भाग पोकळ, पण बाहेरची भिंत जाड. रस्त्याच्या बाजूची एक फांदी मात्र खरंच वाईट होती. म्हणजे निकाल असा, की झाड ठेवता येईल. ती फांदी काढायची, वरचा पसारा थोडा कमी करायचा. पण करवत चालवायची ती ढोलीच्या अगदी जवळ, आणि ढोलीत मादी.

मीटिंग सोसायटीच्या ऑफिसात झाली. मला धनेशाची गोष्ट सांगावी लागली. या पक्ष्याला राखी धनेश म्हणतात. मादी ढोलीत जाते आणि आतून स्वतःच तोंड लिंपून घेते. विष्ठा, माती, फळांचा गर, जे मिळेल त्याने. एक फट ठेवते. आत अंडी घालते आणि उडायची पिसं गाळून टाकते. म्हणजे तिला वाटलं तरी उडता येत नाही. तिला आणि पुढे पिल्लांना जे काही खायला मिळतं, ते नर बाहेरून आणून देतो.

"आणि नर नाही आला तर?" कोणीतरी विचारलं.

"येतो," मी म्हटलं.

मागच्या खुर्चीवरून पाटकीबाई बोलल्या. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, बँकेतून रिटायर झालेल्या, गुडघ्यांमुळे फारशा खाली न उतरणाऱ्या. त्या दिवशी मुद्दाम उतरल्या होत्या. "तरीच म्हटलं, माझ्या किचनच्या खिडकीतून रोज टकटक कसली येते. अहो, बाळंतीण आहे ती. बाळंतिणीचं घर पाडता का तुम्ही?"

"पाटकीबाई, फांदी पडली तर कोण जबाबदार?" गवाणकर म्हणाले. "वॉचमनच्या घरी मी गेलेलो. तुम्ही नाही गेलात."

मग मी उपाय सांगितला. पिल्लं बाहेर पडेपर्यंत झाडाखाली दोरी लावून जागा बंद करायची. तिथल्या गाड्या दुसरीकडे. केबिन गेटच्या पलीकडे हलवायची. धनेशाचं कुटुंब पावसाच्या आधी निघून जातं, मग लगेच छाटणी. बरीच कुरकुर झाली. पार्किंग म्हणजे आपल्याकडे धर्माच्याही पुढचा विषय. शेवटी हात वर करून मत घेतलं आणि थोडक्या मतांनी ठराव पास झाला. गवाणकरांनी हात वर केला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी त्यांनीच बांधली, आणि वायरमनच्या शिस्तीत बांधली.

पुढचे काही आठवडे चांगले गेले. मी दर आठवड्याला चक्कर टाकत होते. खरं तर गरज नव्हती, पण जायचे. पाटकीबाईंच्या किचनमध्ये बसलं की ढोली समोर दिसायची. नर जंगलातून यायचा तो सरळ नाही यायचा. शेजारच्या प्लॉटच्या कडेने एक नाला जंगलातून बाहेर येतो. त्याच्या काठाने जुनी झाडं होती. सावर, मग करंज, मग एक मोठा उंबर, पुन्हा करंज. नर एकेका झाडावर थांबत, इकडेतिकडे बघत यायचा. उंबरावर जास्त वेळ. घसा भरून घ्यायचा आणि मग शेवटची उडी आमच्या बेहड्यावर. कधी उंबरं, कधी एखादा सरडा, कधी नाकतोडा. एकदा त्याने सालीचा तुकडा आणून दिला. आतून तो बाहेर फेकला गेला. पाटकीबाई हसून हसून खोकायला लागल्या.

"आमचे हेसुद्धा असंच काहीतरी आणायचे बाजारातून," त्या म्हणाल्या.

मग आतून बारीक चिरका आवाज यायला लागला. पिल्लं झाली होती. नराच्या फेऱ्या वाढल्या. सोसायटीत येणारा-जाणारा वर बघून जायला लागला. कुरकुर करणाऱ्यांपैकी एकाने मोठी लेन्स आणली. गवाणकर मला फोनवर इतर कामांचं विचारायचे आणि फोन ठेवता ठेवता म्हणायचे, "आज जरा उशिरा आला हो तो. पण आला."

करवतींचा आवाज आला तेव्हा मी कांदिवलीला दुसऱ्या कामावर होते. पाटकीबाईंचा फोन. "बाई, शेजारी झाडं कापतायत. नाल्यावरची."

मी पोचले तोवर सावर आडवी झाली होती. शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट सुरू होतं. जुनी बिल्डिंग पाडून झाली होती, नाल्याच्या कडेने रस्ता यायचा होता. साइट इंजिनियर तरुण होता, सभ्य होता. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, फाइल उघडून समोर ठेवली.

"मॅडम, सगळे पेपर क्लिअर आहेत. बदल्यात झाडं लावायचीत, तीही जागा फायनल आहे."

पेपर खरंच क्लिअर होते. माझ्यासारख्याच एका कन्सल्टंटने एकेक झाड बघून लिहिलं होतं. करंज, खोड किडलेलं. सावर, नाल्याकडे झुकलेली. उंबर, मुळं उघडी पडलेली. एकही वाक्य खोटं नव्हतं. मला ते काम आलं असतं तर मीही तेच लिहिलं असतं. त्या रांगेवरून रोज कोणीतरी ये-जा करतं, हे लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

"मला फक्त थोडे आठवडे द्या," मी म्हटलं. "पिल्लं उडेपर्यंत. निदान उंबर तरी ठेवा."

"घरटं उंबरावर आहे का?"

"नाही. बाजूच्या सोसायटीत आहे."

"मग मॅडम, मी साहेबांना काय सांगू?"

तरी त्याने माझ्यासमोर फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. तो "हो सर, हो सर" म्हणत राहिला. फोन ठेवला आणि म्हणाला, "सॉरी मॅडम. पावसाच्या आधी रस्ता झाला पाहिजे."

मी वनखात्यातही फोन केला. तिथले वनपाल समजूतदार होते. पण प्लॉट खाजगी, परवानगी रीतसर, घरटं त्या झाडांवर नाही. त्यांच्या हातात काही नव्हतं. दुपारी उंबर पडला. तो पडताना मी पाटकीबाईंच्या खिडकीत होते. झाड मोठं होतं, पण आवाज फार झाला नाही. पानं दाट होती.

संध्याकाळी नर आला. जंगलाच्या भिंतीलगतच्या झाडावर बराच वेळ बसून राहिला. मग एका दमात, मोकळ्या जागेवरून सरळ बेहड्यापर्यंत उडत आला. धनेश असा लांब उडायचा पक्षी नव्हे. जड पंख मारतो, मग तरंगतो, मग पुन्हा पंख मारतो. पण आला. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला.

"बघा," पाटकीबाई म्हणाल्या. "तो काय बायकोला उपाशी ठेवतोय!"

त्या मोकळ्या जागेच्या एका टोकाला बिल्डरचं सेल्स ऑफिस होतं. सगळं काचेचं. मधली झाडं गेल्यावर त्या काचेत पलीकडचं अख्खं जंगल दिसायला लागलं होतं. माणसाला कळतं ती काच आहे.

गवाणकरांचा फोन आला तेव्हा मी सकाळचा चहा घेत होते. ते नेहमीसारखं "मॅडम, नमस्कार" म्हणाले नाहीत.

"तो गेला," ते म्हणाले. "काचेखाली पडलाय. घशात अजून उंबरं आहेत त्याच्या."

मी गेले तेव्हा त्यांनी तो उचलून एका खोक्यात, वर्तमानपत्रावर ठेवला होता. डोळा अर्धा उघडा. अंगावर जखम नाही. साइट इंजिनियरही येऊन उभा होता.

आता प्रश्न ढोलीचा होता. वनपाल आले, त्यांच्याबरोबर जंगली प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टर. तिशीच्या असतील. त्यांनी दुर्बिणीतून फट बघितली.

"उघडायचं का?" मी विचारलं.

"उघडलं तर ती घाबरणार. पिल्लं उघडी पडणार. अशी पिल्लं हातावर वाढवणं फार कठीण असतं, मॅडम. जगतातच असं नाही."

"आणि नाही उघडलं तर?"

"बाहेरून भरवून बघू. घेतलं तर घेतलं. तीच भिंत फोडून बाहेर आली, तर मग बघू."

माझा क्लाइंबर सुनील दोरावर चढला. चिरलेल्या बांबूच्या टोकाला फळ अडकवून फटीशी धरायचं असं ठरलं. फळ कुठून आणायचं? पाटकीबाई गुडघे धरत शेजारच्या प्लॉटवर गेल्या. कापलेला उंबर अजून तिथेच पडून होता. त्याच्या फांद्यांवरची उंबरं सुकत आली होती, तरी त्यातली बरी निवडून त्यांनी स्टीलचा डबा भरला. इंजिनियरने दोन मजूर मदतीला दिले.

पहिल्या दिवशी मादीने बांबूवर चोच मारली. खायला नव्हे, हाकलायला. सुनील हात न हलवता लटकून राहिला. खालून कोणी आवाज करत नव्हतं. शेवटी फळं फटीतून आत ढकलून तो उतरला. "आत पिल्लं ओरडतायत, पण आवाज कमी झालाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने पपईचा तुकडा घेतला. मग उंबर. मग आणखी एक. खाली लोकांनी एकमेकांचे हात धरले. मीसुद्धा कोणाचा तरी धरला होता. डॉक्टरांना फोन केला तर त्या पहिल्यांदाच हसल्या. त्या रात्री मला वाटलं, जमेल.

सकाळी पुन्हा पाटकीबाईंचा फोन. "बाई, भिंत फुटली. ती खाली पडलीय."

मी पोचले तेव्हा झाडाखाली, दोरीच्या आत, गवाणकर पायजमा-बनियनवर वाकून उभे होते. हातात उघडलेली छत्री, जमिनीपासून हातभर वर धरलेली. छत्रीखाली मादी. पंखांच्या जागी नुसती पिसांची खुंटं, अंग मळकट, इतके दिवस न वापरलेल्या पायांवर तिला नीट उभंही राहता येत नव्हतं. वर, भिंतीवर, गाड्यांवर, सगळीकडे कावळे. गवाणकर छत्री फिरवत होते आणि कावळ्यांना मालवणीत शिव्या घालत होते. कधीपासून उभे होते कोण जाणे.

सुनील वर चढला. ढोलीत दोन पिल्लं होती. एक थंड पडलं होतं. दुसरं जिवंत होतं, उघडं, गुलाबी, डोळे नुकते उघडलेलं. त्याने ते शर्टाच्या आत ठेवून खाली आणलं. डॉक्टरांनी दोघांना नेलं. पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि मग उगाचच म्हणाल्या, "आम्ही खूप प्रयत्न केले, मॅडम." मला माहीत होतं ते.

नर नाही आला तर, असं कोणीतरी विचारलं होतं. माझं उत्तर बरोबर होतं. तो येतच होता.

मादी जगली. तिची पिसं हळूहळू आली. पावसाच्या तोंडावर तिला जंगलात आत, उंबरांची बरीच झाडं आहेत अशा ठिकाणी सोडायचं ठरलं. डॉक्टरांनी मला बोलावलं. मी गवाणकरांना विचारलं तर ते इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर तयार होते. पाटकीबाईंना चालवलं नसतं. त्यांनी आम्हाला खिडकीतून हात केला.

पेटीचं दार उघडलं. ती बाहेर येऊन एका काकडाच्या झाडाच्या फांदीवर बसली. पंख झटकले. जरा वेळाने दुसऱ्या झाडावर गेली, मग तिसऱ्या. मग पानांत दिसेनाशी झाली. तिने मागे वगैरे काही बघितलं नाही.

परत येताना हायवेच्या सिग्नलला आलो तेव्हा गवाणकर बोलले, आणि माझ्याशी पहिल्यांदाच मालवणीत. "मॅडम, तिका कळला असात काय ओ, तो कित्याक येवक नाय ता?"

तो का नाही आला, हे तिला कळलं असेल का. सिग्नल सुटला.

ठरल्याप्रमाणे बेहड्याची छाटणी झाली. वाईट फांदी काढली. त्या पावसात काही पडलं नाही, पुढच्याही नाही. गाड्या पुन्हा खाली लागतात. शेजारी टॉवर उभा राहिला, सेल्स ऑफिस गेलं. ढोली तशीच आहे. पोपट येऊन बघून जातात. धनेश पुन्हा आला नाही. पाटकीबाई वर्षभराने मुलाकडे पुण्याला गेल्या.

मी अजून तेच काम करते. एक फरक आहे. आता माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक परिच्छेद असतो. या झाडाच्या आजूबाजूला कोणती झाडं आहेत, त्यांच्यामधून कोण ये-जा करतं, यातलं एक गेलं तर बाकीच्यांचं काय होईल. त्या परिच्छेदाला कायद्याने काही किंमत नाही. फॉर्ममध्ये त्याला अजूनही जागा नाही, म्हणून वेगळं पान जोडते. बहुतेक क्लायंट ते पान काढून टाकायला सांगतात, विषयाशी संबंध नाही म्हणतात. मी काढत नाही. आत्तापर्यंत त्या पानामुळे एकही झाड वाचलेलं नाही.